टाकी क्रमांक दोन

तिला वर काढलं त्या दिवशी सुकती होती.
(इंजिन ते, पण शेडमध्ये सगळे ‘ती’च म्हणतात.)
बार्जचा नांगर अडकला म्हणून बुडी मारलेला बाबूश
आधी म्हणाला, खडक आहे.
पुन्हा वर आला, नाक शिंकरलं, म्हणाला,
खडकाला रिव्हेट आहेत.

क्रेनच्या साखळ्यांत ती लोंबकळली, तेव्हा
इंजिन असं कुणाला दिसलंच नाही.
शिनाण्यांचा ढीग नुसता,
धुराड्यातून ओघळणारा काळा चिखल
आणि कडेकडेनं निसटणारा एक खेकडा,
तिकीट न काढलेल्या माणसासारखा.

धक्क्यावर टाळ्या.
मी ओरडत होते, पाणी मारा,
सुकू देऊ नका तिला, पाणी मारा.

लोखंडाचं असं असतं:
खाऱ्या पाण्याखाली दम धरून राहतं,
वारा लागला की महिन्याभरात पापुद्रे सुटतात.
मीठ पार आत गेलेलं असतं.
माणसाचंही तसंच, असं इथे म्हणता येईल.
मी म्हणत नाही.
माणसाला सोड्याच्या पाण्यात सहा वर्षं ठेवून भागत नाही.

चिखलीच्या बंद गोदीत टाकी बांधली,
पाण्यातून काढलेलं पाण्यातच ठेवायला.
तारा सोडल्या, वीज अगदी मंद,
आणि रोज पाण्यात उतरलेलं मीठ मोजून लिहायचं.
सोमवार: चारशे बारा.
गुरुवार: चारशे दहा.
रविवार: वीज नव्हती.
साहेब येतात, विचारतात, चालणार कधी?
चालणार नाही, मी म्हणते. राहील.
साहेबांना ‘राहील’चा फोटो काढता येत नाही.

सिप्रियान फुर्तादो येतो नव्यावाड्याहून,
बसने, पिशवीत दोन उंडे.
टाकीच्या कठड्याला टेकून सांगतो,
पाय हिच्यावर फायरमन होता.
पहिल्या दिवशी मी त्याच्या पायांकडे पाहिलं.
पाय म्हणजे बाप, हे मग कळलं.
पायने कुळ्याच्या चढावर कोळसा कसा मारला,
पायची भुवई कशी जळाली,
रानात रूळावर गवा कसा उभा होता,
आणि पायने शिटी कशी दिली, लांब, मग दोनदा आखूड.

तिसऱ्या वर्षी बॉयलरच्या नळ्या साफ केल्या.
लांब दांड्याचा ब्रश, एकेक नळी.
गाळ निघाला, कालवं निघाली,
एका नळीत माशाचा पांढरा काटा, अखंड.
काजळी नाही.
भट्टीत बॅटरी मारली: तांबं हिरवं पडलेलं,
पण कुठे आगीचा डाग नाही,
जाळीची एक पट्टी वाकलेली नाही.
ही कधी पेटलीच नव्हती.
रुळांना शिवण्याआधी पडावासकट गेली खाली.

तीन दिवस मी त्याला सांगितलं नाही.
चौथ्या दिवशी त्याने उंडा मोडला,
अर्धा माझ्यापुढे केला,
आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

तो चावत राहिला.
ठाऊक आहे, म्हणाला.
पाय धक्क्यावर उभा होता, नवी टोपी घालून.
नेमणुकीचा कागद खिशात.
दोन दिवस उभा. मग त्याला कोळसा मोजायला बसवलं,
बत्तीस वर्षं.
भुवई त्याची चुलीवर जळाली होती, आईने सांगितलं नंतर.

मी कपाट उघडलं. शिटी तयार होती,
पितळ, घासून मेण लावलेली.
नियम म्हणून हातमोजे दिले.
त्याने तोंडाजवळ वगैरे नेली नाही.
तळहातावर तोलली, मासळी तोलतात तशी.
हलकी आहे, म्हणाला.
मला वाटलं होतं जड असेल.

अजून किती वर्षं?
चार, मी म्हटलं. कदाचित पाच.
मग येतो मी, म्हणाला हा एक्याऐंशीचा माणूस,
आणि उरलेला उंडा पिशवीत ठेवला.
फाटकापाशी गेल्यावर ओठांनीच:
लांब. मग दोनदा आखूड.

तारांवर बुडबुडे येतच होते.
तारीख लिहिली, वेळ लिहिली, आकडा तीनशे शहाण्णव.
शेरा हा रकाना
अजून कोरा आहे.